कॅमेऱ्यामागची पदवी : माध्यमकला व निर्मिती यांच्या शिक्षणाविषयी

बारावीच्या निकालानंतर आपल्या शाळेत जे पालक आणि माजी विद्यार्थी सल्ला विचारण्यास येतात, त्यांच्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी ‘मीडिया’ला जायचे म्हणते, तेथे नेमके काय शिकवतात? फोटो आणि व्हिडिओ तर आता मोबाइलवर सगळेच काढतात. त्यासाठी तीन वर्षे आणि कॉलेजची फी कशाला घालवायची? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचत आहे, त्या घराला पदवीने भाकरी मिळाली पाहिजे ही अपेक्षा बाळगण्याचा पूर्ण अधिकार आहे. डी.एड., नर्सिंग, अभियांत्रिकी, स्पर्धा परीक्षा हे रस्ते आपल्या समाजाच्या पायाखालचे झाले आहेत. त्यांचे खाचखळगे शेजारच्या घरातील कोणीतरी सांगू शकते. या रस्त्याविषयी सांगणारे शेजारी अजून थोडे आहेत, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय जरा सविस्तर मांडत आहे.

पहिला घोळ नावांचा आहे. मुंबई विद्यापीठाने सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’, म्हणजे बी.एम.एम. ही पदवी सुरू केली. २०१९-२० पासून तिचे नाव बी.ए.एम.एम.सी. झाले. बारावीची कोणतीही शाखा तिला चालते, काही महाविद्यालयांत ती मराठी माध्यमातूनही शिकवली गेली, आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक शाखा निवडण्याची पद्धत तेथे रूढ झाली. म्हणजे ही पदवी मुख्यतः बातमी आणि जाहिरात यांची. त्याच विद्यापीठाची ‘चित्रपट, दूरचित्रवाणी व नवमाध्यम निर्मिती’ या विषयातील बी.ए. ही पदवी वेगळी आहे. तिच्यात छायांकन, ध्वनी, संकलन, पटकथा, दिग्दर्शन या निर्मितीच्या अंगांवर भर असतो. पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, नागपुरात अशाच स्वरूपाचे अभ्यासक्रम निरनिराळ्या नावांनी चालतात. याशिवाय एक जुना आणि आपल्याकडे फारसा लक्षात न घेतला जाणारा मार्ग आहे तो उपयोजित कलेच्या बी.एफ.ए. पदवीचा. मुंबईच्या सर जे. जे. परिसरातील संस्थेत, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कला महाविद्यालयांत ती चार वर्षांत मिळते, आणि तिच्यासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० मध्ये जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभी राहिली. तिचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण तेथील दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी या प्रमुख अभ्यासक्रमांना प्रवेश मिळतो तो पदवीनंतर, हे अनेकांना ठाऊक नसते. बारावी होताच तेथे जाऊ, असे समजून वर्ष वाया घालवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिकवतात काय?

आरंभ होतो पाहण्यापासून. मोबाइल आपल्या वतीने प्रकाश मोजतो, रंग ठरवतो, चेहरा शोधून त्यावर नजर स्थिर करतो. अभ्यासक्रमात हे सर्व हाताने करावयास लावतात. भिंगाचे छिद्र किती उघडावे, पडदा सेकंदाच्या कितव्या भागापर्यंत उघडा ठेवावा, संवेदकाची प्रकाशग्राहकता किती ठेवावी, या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय चित्र उमटत नाही, आणि एक बदलले की उरलेल्यांपैकी निदान एक बदलावे लागते. हा भाग गणितासारखा आहे, सरावाने येतो. त्यानंतरचा भाग कठीण. चौकटीत काय घ्यायचे, काय बाहेर ठेवायचे, कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचा, वरून पाहायचे की खालून, हे निर्णय यंत्र घेत नाही. झोपडीत बसलेल्या बाईचे चित्र उभ्याने वरून घेतले तर ती केविलवाणी दिसते. तिच्यासमोर मांडी घालून बसून घेतले तर ती बोलणारी व्यक्ती दिसते. बाई तीच, झोपडी तीच, उजेडही तोच.

आपल्या शाळेची सहल ज्या अजिंठ्याला जाते, तेथील सतराव्या लेण्यात वेस्संतर जातकाची कथा भिंतीवर चितारलेली आहे. दान देता देता राज्य, रथ, मुले असे सर्वस्व देऊन बसलेल्या राजपुत्राची ती कथा. त्या भिंतीवर चौकटी आखलेल्या नाहीत. तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो, दरवाजे, खांब आणि झाडे यांच्या आडोशाने एक प्रसंग संपतो व दुसरा सुरू होतो, आणि पाहणाऱ्याची नजर आपोआप पुढे सरकते. चित्रांतून काळ कसा पुढे न्यावा, हा जो चित्रपटाचा मूलभूत प्रश्न, त्याचे उत्तर आपल्या भिक्खुसंघाच्या विहारात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी शोधले गेले होते. चित्रभाषेचा वर्ग अजिंठ्यापासून सुरू करणारा शिक्षक मला तरी अजून भेटलेला नाही. पाश्चात्त्य उदाहरणांपासूनच सुरुवात होते. आपल्या मुलांनी ही भिंत मनात घेऊन त्या वर्गात बसावे.

जवळचे उदाहरण घ्यायचे तर ‘फँड्री’चे घेऊ. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा हा चित्रपट बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. डुक्कर पकडण्याचा तो लांबलचक प्रसंग आठवा. शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि डुकरामागे धावणारे सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. गीत पडद्यावर कोणी गाताना दिसत नाही. ते नुसते ऐकू येते. त्या ऐकू येण्यामुळेच राष्ट्र, शाळा आणि ते कुटुंब यांच्यातील अंतर प्रेक्षकाला कळते. पुढे मारलेले डुक्कर काठीला बांधून नेले जाते, तेव्हा मागे शाळेची भिंत आहे आणि तिच्यावर महात्मा फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब यांची चित्रे आहेत. कोणी भाषण करीत नाही. संगीताचा कल्लोळ नाही. पुढे ओझे वाहणारी माणसे आणि मागे ती भिंत, दोन्ही एकाच चौकटीत आहेत, एवढेच. सामान्य प्रेक्षक म्हणून आपले डोळे पाणावतात. विद्यार्थ्याला मात्र ‘कॅमेरा तेथेच का उभा केला?’ हा प्रश्न विचारायला शिकवले जाते. निर्मितीच्या शिक्षणाचा बराच भाग या एका प्रश्नात येतो.

मंजुळे यांचे उदाहरण आणखी एका कारणासाठी द्यावेसे वाटते. करमाळा तालुक्यातील जेऊरचा हा मुलगा मराठीत एम.ए. झाल्यावर अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गात दाखल झाला, आणि तेथे विद्यार्थी असताना त्याने केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईत चित्रनगरीच्या दारात उभे राहिल्यावाचून हे शिक्षण होत नाही, हा समज त्याने खोटा पाडला. जिल्ह्याच्या ठिकाणचे साधे महाविद्यालयही पुरेसे असते. मात्र तेथे कॅमेरा हातात मिळाला पाहिजे आणि प्रश्न विचारणारा शिक्षक असला पाहिजे.

पाहण्यानंतर जोडणे येते, म्हणजे संकलन. गेल्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत रशियातील लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने केलेला प्रयोग जगभरच्या वर्गांत आजही शिकवतात. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने तीन वेगवेगळ्या चित्रांशी जोडला : एकदा सूपच्या वाडग्याशी, एकदा शवपेटीशी, एकदा एका स्त्रीशी. चेहरा तिन्ही वेळा एकच होता. प्रेक्षकांना मात्र त्यात एकदा भूक दिसली, एकदा शोक आणि एकदा अभिलाषा. अर्थ चित्रात नसतो, दोन चित्रांच्या सांध्यात असतो, हे त्यातून लक्षात येते. वृत्तवाहिनीवर मोर्चाची दृश्ये दाखवताना शांतपणे चालणाऱ्या हजारोंनंतर फुटलेल्या एका काचेचे चित्र जोडले की मोर्चाचा अर्थ बदलतो. दोन्ही चित्रे खरी असतात. खोटा असतो तो सांधा. म्हणून पंचशीलातील चौथे शील, असत्य भाषणापासून दूर राहण्याचे, संकलकाच्या टेबलावर जेवढे कसोटीला लागते तेवढे व्यासपीठावरही लागत नाही, असे माझे मत आहे. सम्यक वाचा ही केवळ तोंडाने बोलण्यापुरती नाही, हे ज्याला कळले तो या क्षेत्रात जबाबदारीने काम करील.

प्रत्यक्ष निर्मितीचे काम कसे चालते, हेही पालकांना कळले पाहिजे, कारण ‘शूटिंगला गेला’ म्हणजे मौजमजा, असा समज असतो. दुसऱ्या वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांच्या गटाला दहा मिनिटांचा माहितीपट करावयाचा आहे असे समजा. विषय समजा वीटभट्टीवरील मुलांची शाळा. प्रथम आठ-पंधरा दिवस नुसते जाऊन बसायचे, कॅमेऱ्याविना. भट्टीवर कामाची वेळ कोणती, मुकादम कोण, मुले कोणत्या गावची, पावसाळ्यात कोठे जातात, हे समजून घ्यायचे. मग संहितेचा आराखडा, खर्चाचा अंदाज, परवानग्या, कोणत्या दिवशी कोण काय करणार याचा तक्ता. चित्रीकरण कदाचित तीनच दिवस चालते. त्यातही एकजण सतत कानाला हेडफोन लावून आवाज ऐकत असतो, आणि मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेची निव्वळ शांतता अर्धा-एक मिनिट ध्वनिमुद्रित करतो. ती शांतता पुढे संकलनात तुटलेल्या जागा सांधायला लागते. बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो! मग पाच-सहा तासांच्या चित्रफितीतून दहा मिनिटे निवडायची; त्यासाठी प्रत्येक तुकडा पाहून त्याची वेळेनिशी नोंदवही करायची. हे काम कंटाळवाणे आहे, डोळे दुखवणारे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दफ्तरखान्यात बसून कागद लावावेत, तसेच. ज्याला ही नोंदवही लिहिण्याचा कंटाळा, त्याने या वाटेला जाऊ नये हे बरे.

याच्या जोडीला लेखी परीक्षेचे विषय असतात, आणि बहुतेक मुले तेथे जांभया देतात : चित्रपटाचा व माध्यमांचा इतिहास, संज्ञापनाचे सिद्धान्त, माध्यमविषयक कायदे, समाजशास्त्राची तोंडओळख. माझ्या मते पदवीचे खरे मोल येथे आहे, आणि ही बाजू मी थोडी आग्रहाने मांडतो. यंत्रे बदलतात. रिळावरची फिल्म गेली, तिच्यानंतर आलेली चुंबकीय फीत गेली, आता बोटाच्या नखाएवढ्या कार्डावर चित्रपट मावतो. आज जे सॉफ्टवेअर तीन महिन्यांच्या क्लासमध्ये शिकवतात ते पाच वर्षांनी तसेच राहीलच असे नाही. केवळ यंत्र चालवायला शिकलेला मुलगा यंत्रासोबत जुना होतो. ज्याने कॅमेऱ्यामागे उभे राहून काय पाहायचे हे शिकून घेतले आहे त्याला नवे यंत्र आठवड्यात वश होते. म्हणून ज्या संस्थेच्या माहितीपत्रकात नुसती कॅमेऱ्यांची आणि संगणकांची छायाचित्रे आहेत व ग्रंथालयाचे नावही नाही, तेथे लाखो रुपये भरण्याआधी दहा वेळा विचार करावा.

कायद्याचेच पाहा. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने दिलेले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि १९(२) मधील वाजवी निर्बंध हे आपल्या मुलांना नागरिकशास्त्रात पाठ असतात. येथे ते रोजच्या कामात वापरावे लागतात. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा चित्रपटाच्या प्रमाणनाविषयी आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की गीत व संगीत यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा व्हिडिओ उत्साहाने चढवावा आणि मागे वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित गाण्यामुळे तो गप्प किंवा गायब व्हावा, हा अनुभव आपल्या अनेक तरुण मंडळांनी घेतला आहे. त्यामागे कोणाचे कारस्थान असेलच असे नाही. बहुधा हा कायदाच असतो. तो ज्याला माहीत आहे तो आधी परवानगी घेतो, किंवा वस्तीतल्या गायकाकडून नवे गीत गाऊन घेतो.

समाजाच्या बाजूने या शिक्षणाकडे पाहताना आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हे सर्वश्रुत आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि ३ एप्रिलला, म्हणजे दोन आठवड्यांत, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. बॅरिस्टर, प्राध्यापक, आमदार, पुढे मंत्री, एवढ्या जबाबदाऱ्या सांभाळताना बाबासाहेबांनी छापखान्याचा हा व्याप का मांडला असेल? आपली हकीकत दुसऱ्याच्या लेखणीवर सोडता येत नाही हे त्यांनी पुरते जाणले होते. महाडचा इतिहास लिहिणाऱ्याला आज ‘बहिष्कृत भारत’चे अंक उघडावेच लागतात. ते नसते तर आपल्याला त्या घटनेविषयी विरोधकांच्या बातम्यांतूनच अंदाज बांधावा लागला असता.

हलत्या चित्रांच्या बाबतीत आपले नशीब इतके चांगले नव्हते. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. फिल्म महाग, कॅमेरा महाग, आणि हाताशी वेळ म्हणाल तर काही तासांचा. तरीही तो जनसागर त्यांनी टिपला, म्हणून आज आपली नातवंडे तो पाहू शकतात. एका माणसाच्या जिद्दीवर एवढा ठेवा अवलंबून होता, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि चिंतेचीही. ज्या प्रसंगी व्हटकर नव्हते त्या प्रसंगांचे काय? आपल्या प्रत्येक जिल्ह्यात १९५६ च्या धम्मदीक्षेला नागपूरला गेलेली, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेलेली, जलसे गायलेली माणसे होती. त्यांतील बरीच आता नाहीत. त्यांचे आवाज कोठे आहेत? नागपुरातून आपल्या समाजाच्या वाहिन्या चालतात, यूट्यूबवर तरुण मुले बोलतात, हे चांगलेच आहे. पण भाषणांचे थेट प्रक्षेपण करणे वेगळे आणि एखाद्या वृद्ध उपासिकेची तीन तासांची मुलाखत नीट प्रकाशात, स्वच्छ आवाजात घेऊन ती पन्नास वर्षे टिकेल अशी जतन करणे वेगळे. दुसरे काम शिकल्याशिवाय होत नाही.

वर्गातील वास्तवाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. या अभ्यासक्रमात बहुतेक काम गटात होते आणि गट मुलांनी आपापसांत पाडायचे असतात. ज्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा, चांगला लॅपटॉप आणि अस्खलित इंग्रजी आहे त्यांचे गट आपोआप जमतात. उरतात ती वसतिगृहातली, खेड्यातली, आडनावावरून ओळखली जाणारी मुले. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी एका शहरातील महाविद्यालयात शिकत असताना पहिल्या दोन्ही सत्रांत त्याच्याकडे ट्रायपॉड उचलणे आणि वायर गुंडाळणे हीच कामे आली. संकलनाच्या खोलीत त्याला कोणी बोलावले नाही. दुसऱ्या वर्षी त्याने कोणालाच नको असलेले ध्वनिलेखनाचे काम मागून घेतले. सगळ्यांना दिग्दर्शक व्हायचे असते, त्यामुळे आवाजाकडे लक्ष देणारा गटात दुर्मीळ. शेवटच्या वर्षी तीन गट त्याच्या मागे होते. ही हकीकत सांगताना मला आनंदही होतो आणि रागही येतो. हुशारीने वाट काढावी लागली हे त्याचे कौतुक. पण अशी वाट काढण्याची पाळी यावी हे महाविद्यालयाचे अपयश. गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत आणि प्रत्येक प्रकल्पात कामे आलटून पालटून द्यावीत, इतका साधा नियम केला तरी बराच फरक पडतो. प्रवेशाच्या वेळी पालकांनी हे निःसंकोच विचारावे : गट कसे पाडता, महाविद्यालयाच्या भांडारात कॅमेरे किती आणि विद्यार्थ्याला किती दिवस मिळतात, संकलनकक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो. स्वतःचा कॅमेरा नसलेल्या मुलाचे शिक्षण या उत्तरांवर ठरते.

आता खर्च. अनुदानित वा शासकीय महाविद्यालयातील पदवी आणि खासगी विद्यापीठातील पदवी यांच्या शुल्कात काही हजार आणि काही लाख इतका फरक असू शकतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास ती मिळते, आणि त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या सवलतीची वेगळी योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. परंतु आपण निवडलेले महाविद्यालय आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी पाहावे. नंतर पाहून उपयोग नसतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन, निवास व निर्वाह मिळून मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि अन्य जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार रुपये अशी तरतूद आहे. रक्कम उशिरा हाती येते, हे गृहीत धरून पहिल्या काही महिन्यांची सोय घरातून करून ठेवावी. परदेशासाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहे, पदवीच्या वेळी तिच्या भरवशावर राहू नये.

पोटापाण्याचे काय? खरे सांगायचे तर पहिली दोन-तीन वर्षे ओढाताणीची असतात. चित्रपट-मालिकांच्या क्षेत्रात साहाय्यकाला दिवसाच्या हिशोबाने पैसे मिळतात, बारा-बारा तास उभे राहावे लागते, आणि एक काम संपल्यावर दुसरे लगेच मिळेल याची शाश्वती नसते. मुंबईत डोके टेकायला जागा नसेल तर ही वर्षे काढणे फार जड जाते. येथे मुंबईत स्थायिक असलेल्या माजी विद्यार्थ्यांची मदत उपयोगी पडेल. दुसरीकडे, संकलक आणि ध्वनितंत्रज्ञ यांना काम तुलनेने नियमित असते, कारण वाहिन्या, जाहिरात संस्था, शैक्षणिक चित्रफिती करणाऱ्या कंपन्या, सामाजिक संस्था या सर्वांना ते लागतात. आकाशवाणी आणि दूरदर्शनला करारावर माणसे घेतली जातात. शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि त्यांसाठी पत्रकारितेची शैक्षणिक अर्हता लागते. म्हणजे ज्या घराला सरकारी नोकरीशिवाय चैन पडत नाही त्याच्यासाठीही या वाटेवर एक दार आहे. अमरावती येथे भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका आहे, ती विदर्भातील मुलांना जवळची. आणि लग्नाच्या चित्रीकरणाला कोणी कमी लेखू नये. गावोगावी त्यावर घरे चालतात, आणि गर्दीत, अपुऱ्या उजेडात, दुसरी संधी नसताना चित्र घेण्याचा सराव त्याच्याइतका कोठे होत नाही.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे. ‘रात्री-अपरात्रीचे काम’ म्हणून पालक मुलींना या क्षेत्राकडे वळू देत नाहीत. चिंता निराधार नाही. पण नर्सिंगलाही रात्रपाळी असते आणि तेथे आपण मुलींना अभिमानाने पाठवतो. बाईच्या वेदनेविषयी बाईशी बोलायला बाई गेली तर जे कळते ते पुरुषाच्या कॅमेऱ्याला कळत नाही, हे माहितीपट करणारे सर्वजण मान्य करतील.

शाळेत असतानाच तयारी करायची असेल तर महागडे काही लागत नाही. नववीपासून मुलाने रोजनिशी लिहावी, वर्तमानपत्रातील एकच बातमी दोन पत्रांत कशी आली आहे ते शेजारी ठेवून पाहावे, आणि एखादा चित्रपट आवाज बंद करून पुन्हा पाहावा. संकलनासाठी दा विंची रिझॉल्व्ह आणि ध्वनीसाठी ऑडॅसिटी विनामूल्य मिळतात. पहिल्याला बऱ्यापैकी संगणक लागतो, दुसरे जुन्या संगणकावरही चालते. इंग्रजी वाचन वाढवावे, कारण या विषयाची पुस्तके मराठीत फार थोडी आहेत. बी.एफ.ए.कडे वळायचे असेल त्याने चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय परीक्षा शाळेतच देऊन टाकाव्यात. जातीचा दाखला, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हे कागद बारावीच्या दिवाळीपर्यंत हाती असावेत, आणि ज्या अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागते त्याचा अर्ज अकरावीतच करावा.

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून एक काम करून घेण्याचा आमचा विचार आहे. प्रत्येकाने आपल्या गावातील साठीच्या पुढच्या एका व्यक्तीचा अर्धा तास बोलता आवाज मोबाइलवर मुद्रित करून आणायचा. पंखा बंद, दार लावलेले, मोबाइल हातभर अंतरावर, आणि सुरुवातीला त्या व्यक्तीचे नाव, गाव, तारीख व तिची संमती तिच्याच आवाजात. गावी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वाडीवस्तीतील अशा ज्येष्ठांची नावे शाळेच्या कार्यालयात एप्रिलच्या आत कळवली, तर कोणता विद्यार्थी कोणाकडे जाईल हे आधी ठरवता येईल.